समोरच्याचे डोळे न दिपवता

पहिल्या रात्रीच्या फोटोंमध्ये गाड्या नव्हत्याच. काळ्याकुट्ट अंधारात पांढऱ्याफटक नंबरप्लेटा तरंगत होत्या, त्यांच्या आजूबाजूला लाल-पिवळे डाग, आणि मागे कुठेतरी रस्त्याचा एखादा दिशादर्शक फलक पेटल्यासारखा दिसत होता. दीड तासात फ्लॅश मारून शंभरावर फोटो काढले होते. घरी येऊन एकेक मोठा करून पाहिला. ज्या गाड्यांसाठी मी फुटपाथवर उभा राहिलो होतो, त्यांचा पत्रा, काचा, चाकं यांपैकी काहीच कुठे नव्हतं.

कारण उमगायला दोन दिवस लागले. नंबरप्लेटवर आणि रस्त्याच्या फलकांवर साधा रंग नसतो. काचेचे अतिशय बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असलेली फिल्म त्यांवर चिकटवलेली असते. प्रकाश ज्या दिशेनं आला, त्याच दिशेला ती फिल्म तो परत पाठवते. हेडलाइटचा प्रकाश चालकाच्या डोळ्यांकडे परत यावा आणि फलक लांबून वाचता यावा, यासाठीची ही सोय. माझा फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर, लेन्सपासून वीतभर अंतरावर बसवलेला होता. त्यामुळे प्लेटवरून परतणारा सगळा प्रकाश थेट लेन्समध्ये शिरत होता. शिवाय फ्लॅश ऑटोवर होता. कॅमेऱ्यानं त्या एका चकाकत्या तुकड्यावरून ठरवलं की प्रकाश भरपूर झाला, आणि फ्लॅशची ताकद कमी केली. प्लेट जळून पांढरी झाली आणि बाकीची गाडी अंधारातच राहिली.

उपाय मात्र सोपा निघाला. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढला, रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून, बिनतारी उडवणारं उपकरण) लावला आणि फ्लॅश दीड-दोन मीटर बाजूला स्टँडवर ठेवला. परतीचा प्रकाश आता फ्लॅशकडेच जायला लागला, लेन्सकडे नाही. नंबरप्लेट एकदम साध्या पत्र्यासारखी दिसली. ऑटो बंद करून फ्लॅश मॅन्युअलवर नेला, तो आजतागायत मॅन्युअलवरच आहे.

इतकं जमल्यावर मला वाटलं, आता फक्त सराव करायचा. तिसऱ्या रात्री स्टँड घेऊन पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. एका वळणाजवळ समोरून येणाऱ्या गाडीवर फ्लॅश मारला. गाडीचे ब्रेक करकचून लागले, ती थोडी तिरकी झाली आणि पुढे जाऊन कडेला थांबली. चालक उतरून चालत माझ्याकडे आले. ओरडतील, या तयारीत मी उभा होतो. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "दादा, तुमच्या त्या लाइटनंतर मला रस्ताच दिसेना हो. मागच्या सीटवर मुलं आहेत माझी."

मी माफी मागितली. ते गेले. मी स्टँड मिटला आणि घरी आलो.

त्या रात्री बसून आकडेमोड केली, कारण काय करून बसलो होतो ते मला नीट कळायला हवं होतं. ताशी ५० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. दोन सेकंद डोळे दिपले, तर २८ मीटर अंतर माणूस न पाहता कापतो. अंधाराला पूर्णपणे सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तो सराव एका झगझगीत क्षणात मोडतो. फ्लॅश सेकंदाचा अगदी छोटा अंश टिकतो, हे खरं. पण डोळ्यात त्याचा डाग बराच वेळ राहतो. तेव्हापासून एक नियम मी पाळत आलो आहे: सार्वजनिक रस्त्यावर चालत्या गाडीच्या चालकाकडे फ्लॅशचं तोंड कधीही करायचं नाही. तिरकं नाही, कमी ताकदीवरही नाही. कुणाला हा नियम जास्त कडक वाटेल, पण यात मला तडजोड दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर पुढे जे काही शिकलो, ते या नियमामुळेच शिकलो. रस्त्यावरच्या गाडीवर फ्लॅश मारायचा नाही म्हटल्यावर, मारायचा कुठे, याचा विचार करणं भागच पडलं.

सुरुवात उभ्या गाडीपासून केली. ताईकडे गडद निळी गाडी आहे. एका बंद गोदामाच्या आवारात संध्याकाळनंतर जाण्याची परवानगी मिळाली. पुढचे अनेक शनिवार आम्ही दोघं तिथे होतो. ताईला फोटोग्राफीत काडीचा रस नाही. ती यायची ती गाडी तिची म्हणून, आणि मी एकटा अंधारात फिरू नये म्हणून.

तिथे पहिला खरा धडा मिळाला. रात्री फ्लॅश वापरून काढलेल्या एकाच फोटोत दोन वेगळी एक्स्पोजर, म्हणजे प्रकाशाच्या दोन वेगळ्या नोंदी, असतात. फ्लॅशचा प्रकाश क्षणार्धात येऊन जातो. त्याला शटर एक सेकंद उघडं आहे की १/६० सेकंद, यानं काही फरक पडत नाही. तो फक्त अॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), फ्लॅशची ताकद आणि अंतर यांवर ठरतो. रस्त्यावरचे दिवे, आभाळातला उरलासुरला उजेड, लांबच्या इमारतींच्या खिडक्या हा दुसरा प्रकाश. तो सतत येत असतो, म्हणून शटर जितका वेळ उघडं तितका तो साठत जातो. म्हणजे मागची रात्र किती उजळ हवी ते शटरनं ठरवायचं आणि गाडी किती उजळ हवी ते फ्लॅशच्या ताकदीनं. पुस्तकात हे चार ओळींत असतं आणि मी ते वाचलेलंही होतं. हातात उतरायला मात्र असं करावं लागलं: आधी फ्लॅश बंद ठेवून फक्त मागची रात्र नीट येईपर्यंत शटर बदलत राहायचं. मग शटरला हात न लावता फ्लॅश सुरू करून फक्त त्याची ताकद बदलायची. दोन्ही एकदम बदलत होतो, तोवर नुसता गोंधळ होता.

अंतराचं गणितही तेव्हाच पक्कं झालं. माझ्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला ४० मीटर आहे. त्याला अॅपर्चरच्या आकड्यानं भागलं की पूर्ण ताकदीवर प्रकाश कुठवर नीट पोहोचेल ते कळतं. एफ/८ ला ५ मीटर, एफ/४ ला १० मीटर. आयएसओ ४०० केला की हे अंतर दुप्पट होतं, चौपट नाही, कारण अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. पहिल्या रात्री मी रस्त्यापलीकडच्या, पंचवीस-तीस मीटरवरच्या गाड्यांवर एफ/८ ला फ्लॅश मारत होतो. तिथवर गाडी उजळेल इतका प्रकाश पोहोचणंच शक्य नव्हतं.

हेच गणित गाडीच्या लांबीलाही लागू होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी चार मीटर लांब. फ्लॅश बॉनेटपासून दोन मीटरवर ठेवला, तर डिकी सहा मीटरवर जाते. अंतर तिप्पट, म्हणजे प्रकाश नवव्या हिश्शावर, तीन स्टॉपहून जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). बॉनेट जळालेलं आणि डिकी गायब. तोच फ्लॅश मागे नेऊन बॉनेटपासून सहा मीटरवर ठेवला की डिकी दहा मीटरवर येते आणि फरक दीड स्टॉपवर उतरतो. ताकद वाढवावी लागते, पेन्सिल सेल लवकर संपतात, फ्लॅश तापतो, पण गाडी सलग दिसते.

तरीही फोटो आवडत नव्हते. पुढे तीन आठवडे मी अडकून पडलो होतो. सगळे आकडे बरोबर, आणि गाडीवर मात्र एक टोचणारा पांढरा ठिपका, बाकी पत्रा काळा. ताकद वाढवली की ठिपका मोठा व्हायचा, पत्रा तसाच. ताई एकदा कंटाळून दारापाशी उभी होती. ती सहज म्हणाली, "अरे, या दारात तर माझा चेहरा दिसतोय." मी जाऊन पाहिलं. दारात तिचा चेहरा होता, माझा फ्लॅश एका बिंदूएवढा होता आणि बाकी सगळं दार अंधाऱ्या आवाराचं प्रतिबिंब होतं.

गाडीचा पत्रा म्हणजे आरसा. कागद, भिंत, माणसाची त्वचा प्रकाश चहूकडे विखुरते, म्हणून त्यांच्यावर कुठूनही प्रकाश टाकला तरी त्या उजळतात. चकचकीत रंगाचं तसं नाही. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात पलीकडे निघून जातो. कॅमेऱ्याला दारात जे दिसतं ते दारासमोरचं जग असतं, आणि ते जग काळोखात असेल तर दार काळंच दिसणार. निळा असो की काळा, गडद रंगात हे फार जाणवतं. म्हणजे उजळायला हवी होती गाडीत दिसणारी वस्तू.

गोदामाची एक भिंत चुन्यानं रंगवलेली होती. गाडी तिच्या समांतर, तीन मीटरवर लावली आणि फ्लॅशचं तोंड गाडीकडून फिरवून भिंतीकडे केलं. पहिल्याच फोटोत गाडीच्या खांद्यावरून, बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत, एक लांब मऊ पांढरी रेघ उतरली. पत्र्याची घडी न् घडी दिसत होती. मी तो फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर कितीतरी वेळ पाहत बसलो. भिंत नसेल तिथे आता आम्ही दोन स्टँडमध्ये दोरी बांधून पांढरी चादर टांगतो. चादर जितकी मोठी आणि गाडीला जितकी जवळ, तितकी रेघ रुंद. चादरीच्या सुरकुत्याही पत्र्यात उमटतात, म्हणून तिला इस्त्री करावी लागते.

पडद्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. अंधारात कॅमेऱ्याचा पडदा फार उजळ वाटतो. तिथे सुंदर दिसलेला फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला की काळवंडलेला निघतो. माझे पहिल्या महिन्यातले बहुतेक फोटो एक-दीड स्टॉप कमी उजळ आहेत ते याचमुळे. पडद्याचा उजेड किमान पातळीवर आणायचा आणि विश्वास हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती ते दाखवणाऱ्या आलेखावर, ठेवायचा. फोटो रॉ फाइलमध्ये (सेन्सरची कच्ची नोंद) काढायचे, हे वेगळं सांगायला नकोच.

एकाच फ्लॅशनं सगळी गाडी उजळायची आणखी एक रीत आहे, आणि मला ती सर्वांत आवडते. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ/८, शटर तीस सेकंद. शटर उघडलं की फ्लॅश हातात घेऊन गाडीभोवती फिरायचं आणि फ्लॅशवरचं टेस्टचं बटण दाबत एकेका भागावर प्रकाश टाकायचा. सेन्सर सगळं साठवत जातो. एकाच जागी दोनदा मारलं तर एक स्टॉप वाढतो, चारदा मारलं तर दोन, आठदा मारलं तर तीन. चिमुकला फ्लॅश असूनही धीर धरला तर ट्रकसुद्धा उजळता येतो.

पहिले प्रयत्न वाया गेले. एका फोटोत माझे पाय गुडघ्यापर्यंत काळ्या सावलीसारखे उमटले, कारण फ्लॅश मारताना मी उजळलेल्या भागाच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे आलो होतो. एकात फ्लॅशचं तोंड लेन्सला दिसलं आणि गाडीच्या छपरावर एक तारा उगवला. एकात समोरच्या काचेत माझा उजळलेला हात. मग गडद कपडे आले, फ्लॅश नेहमी शरीराआड धरायची सवय आली. कुठे किती वेळा मारायचं ते मी आधी कागदावर काढायला लागलो: भिंतीकडे चार, पुढच्या चाकाच्या बाजूला खालून एक, मागच्या चाकाला एक, गाडीमागच्या जमिनीवर दोन. टायर हा गाडीचा न चकाकणारा भाग, त्याला वेगळा प्रकाश द्यावाच लागतो, नाहीतर गाडी हवेत तरंगल्यासारखी वाटते. मारताना आकडा मोठ्यानं म्हणायचो. पूर्ण ताकदीवर दोन फ्लॅशमध्ये तीन-चार सेकंद थांबावं लागतं. रिचार्ज होणाऱ्या सेलवर फ्लॅश साध्या सेलपेक्षा लवकर तयार होतो, तरी थांबावंच लागतं. म्हणून मी ताकद एक चतुर्थांश ठेवून जास्त वेळा मारतो.

गाडीचे दिवे हा वेगळा प्रश्न. तीस सेकंद हेडलाइट चालू ठेवले तर फोटोत दुसरं काही उरत नाही. ताई आत बसायची. मी "लाव" म्हटलं की फक्त पार्किंग लाइट लावायची आणि दोन सेकंदांत बंद करायची. तेवढं पुरतं. मागचे लाल दिवे एका सेकंदातच भरून येतात.

या काळात ओ. विन्स्टन लिंक यांचे फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले. १९५५ ते १९६० या काळात त्यांनी अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं रात्रीच्या अंधारात टिपली. त्यांच्या फ्लॅशचे बल्ब एकदाच पेटून संपणारे. इंजिन एकदा पुढून गेलं की गेलं. त्यांच्या एका प्रसिद्ध फोटोत ड्राइव्ह-इन चित्रपटगृहात उघड्या गाडीत जोडपं बसलंय, पडद्यावर विमान आहे आणि मागून आगगाडी धडधडत चालली आहे. त्या फोटोत फ्लॅशच्या उजेडानं पडद्यावरचं चित्र पुसलं गेलं होतं, म्हणून पडदा वेगळा टिपून नंतर जोडावा लागला. मला यातून दोन गोष्टी कळल्या. एक, फ्लॅश जे उजळतो त्याइतकंच जवळच्या मंद प्रकाशाला मारतोही, म्हणून त्याचं तोंड कुठे जाणार नाही हेसुद्धा ठरवावं लागतं. दुसरी, हलणारी वस्तू येण्याआधी ती जिथून जाणार ती जागा उजळून पाहायची असते. वस्तू आल्यावर विचार करायला वेळच नसतो.

ही दुसरी गोष्ट चालत्या गाडीच्या वेळी उपयोगी पडली. ठिकाण तेच, बंद फाटक, आत तिसरं कुणी नाही. ताईला आधी सगळं समजावलं: फ्लॅश तिच्या मागच्या बाजूनं, गाडीच्या मागच्या चाकाच्या रेषेत येईल, तिच्या डोळ्यांकडे नाही. वेग ताशी वीसच्या आत. आणि तिला जरा जरी नको वाटलं तर हॉर्न द्यायचा, मी थांबेन.

जमिनीवर खडूनं खूण केली. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून त्या खुणेवर टॉर्च धरून आधी फोकस केला आणि लेन्स मॅन्युअलवर टाकली. ताई खुणेवर आली की बटण. शटर १/१५ सेकंद.

पहिला फोटो विचित्र आला. गाडी स्पष्ट होती, पण टेललाइटच्या लाल रेघा गाडीच्या अंगावरून पुढे ओढलेल्या. गाडी उलटी चालल्यासारखी वाटत होती. फ्लॅश शटर उघडल्या उघडल्या उडत होता. गाडी त्या क्षणी गोठली, नंतर ती पुढे गेली आणि दिव्यांनी पुढची रेघ काढली. कॅमेऱ्यात रिअर कर्टन सिंक निवडलं की फ्लॅश शटर बंद होण्याच्या अगदी आधी उडतो. मग रेघा आधी उमटतात, गाडी त्यांच्या टोकाशी गोठते आणि वेग बरोबर दिशेनं वाहतो. हे लहानसं सेटिंग कॅमेऱ्यात सुरुवातीपासून होतं आणि मी ते कधी उघडून पाहिलं नव्हतं.

गोठते म्हणजे किती गोठते? ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. शटर १/२५० ठेवलं तरी तेवढ्यात गाडी चार सेंटिमीटर सरकते. पण कमी ताकदीवर छोट्या फ्लॅशचा झोत १/१०,००० सेकंदाहूनही लहान असतो. तेवढ्या वेळात ती एक मिलिमीटरही सरकत नाही. छोटा फ्लॅश ताकद कमी करतो तो दिवा मंद करून नाही, झोत लवकर तोडून. म्हणून ताकद जितकी कमी, तितकं गोठवणं धारदार. हॅरॉल्ड एजरटन यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत विजेच्या झोतांनी वेगवान गोष्टी थांबवून दाखवल्या. आपल्या हातातला फ्लॅश त्याच कामाचा वारसदार. पूर्ण ताकदीवर मात्र झोत लांबतो, आणि फिरत्या चाकाच्या आऱ्या हलक्याशा पसरतात. हा फरक मी मुद्दाम दोन फोटो शेजारी ठेवून पाहिला.

आणखी एक घोटाळा बरेच दिवस सुटला नाही. काही फोटोंत गाडी पारदर्शक यायची, दारातून मागची भिंत आणि तिच्यावरचा दिवा दिसायचा. फ्लॅश उडण्याआधीच्या वेळात मागची उजळ भिंत सेन्सरवर उमटून गेलेली असते, तिच्यावर गाडी नंतर बसते. गाडी जिथून जाणार ती मागची बाजू अंधारी असेल तरच ती भरीव येते. भिंतीवरचा तो दिवा आम्ही फ्रेमबाहेर ठेवला आणि प्रश्न मिटला. काही वेळा मी तो मुद्दाम ठेवतो, कारण वेगानं जाणारी अर्धीमुर्धी गाडी खरी वाटते.

मग गाडीबरोबर कॅमेरा फिरवत, म्हणजे पॅनिंग करत, १/१५ ते १/३० मध्ये फोटो काढायला लागलो. मागचं सगळं आडव्या रेघांत विरघळतं, आणि पॅनिंग थोडं चुकलं तरी शेवटच्या क्षणी आलेला फ्लॅश गाडीची कड पकडून ठेवतो. पन्नासात चार-पाच जमतात. कमरेपासून वळायचं, पाय रोवलेले, बटण दाबल्यानंतरही फिरणं थांबवायचं नाही.

आणि खरी वाहतूक? तिच्यावर फ्लॅश मारायचा नाही हे ठरलेलंच होतं. तिला तिच्या दिव्यांनीच फोटो काढू द्यायचा. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ/११, आयएसओ १००, दहा ते वीस सेकंद. येणाऱ्या गाड्या पांढऱ्या रेघा, जाणाऱ्या लाल. सूर्यास्तानंतर आभाळ निळं असतं, त्या अर्ध्या तासात हे सर्वांत छान येतं. फ्लॅशचं काम फ्रेमच्या पुढच्या भागात: कडेचं झाड, पादचारी पुलाचा कठडा, उभी सायकल. फ्लॅश रस्त्याकडे पाठ करून, कमी ताकदीवर, त्या वस्तूपासून हातभर अंतरावर. त्याच्या तोंडाला काळ्या पुठ्ठ्याची नळी लावतो, म्हणजे बाजूला प्रकाश सांडत नाही. सुरू करण्याआधी मी स्वतः चालकाच्या उंचीवर वाकून, गाड्या येतात त्या बाजूनं पाहतो. फ्लॅश तिथून दिसत असेल तर जागा बदलतो. पोटरीभर उंचीचं गवत, ओल्या बाकाची कड आणि मागे वाहतुकीची नदी, असे फोटो मला गाड्यांच्या थेट फोटोंपेक्षा जास्त आवडायला लागले.

या रेघांत एक गंमत सापडली. काही गाड्यांचे लाल पट्टे सलग नसतात, ठिपक्याठिपक्यांचे येतात. आधी वाटलं कॅमेरा बिघडला. एलईडी टेललाइट मंद ठेवण्यासाठी सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण गाडी पुढे सरकते आणि प्रत्येक चमक वेगळ्या जागी उमटते. ब्रेक दाबला की तोच दिवा पूर्ण उजळतो आणि ठिपके जुळून सलग रेघ होते. सिग्नलजवळच्या फोटोत चालकानं ब्रेक कुठे दाबला ते रेघेवरून वाचता येतं.

रंगाचं थोडक्यात. फ्लॅशचा प्रकाश दिवसासारखा, साधारण ५५०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा लहान तितका प्रकाश पिवळा). सोडियमचे पिवळे दिवे २००० च्या आसपास. दोन्ही एका फोटोत आले की फ्लॅशनं उजळलेली वस्तू कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसते. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पापुद्रा) लावायचं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा कोणता प्रकाश पांढरा धरतो ते सेटिंग, ३००० च्या जवळ आणायचा, आणि मग दोन्ही प्रकाश एका रात्रीचे वाटतात. आभाळही जास्त निळं होतं.

पावसात मी अजून चाचपडतो आहे. कॅमेऱ्याजवळून फ्लॅश मारला की लेन्ससमोरचे थेंब मोठे पांढरे गोळे होऊन येतात. गाडीच्या मागे, तिच्याआड ठेवून कॅमेऱ्याच्या दिशेनं मारला की तेच थेंब चांदीच्या तारांसारखे चमकतात आणि गाडीची कड उजळते. अर्थात हे उभ्या गाडीचं, आवारातलं. फ्लॅशवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते.

मागच्या शनिवारी पाऊस नुकताच थांबला होता. जमीन ओली, गाडीचं अख्खं प्रतिबिंब खाली. गाडी उभी करून मी दुसरा छोटा फ्लॅश नारिंगी जेल लावून आत डॅशबोर्डखाली ठेवला, ताकद १/१२८, तोंड स्टिअरिंगमागे बसलेल्या ताईच्या पायांकडे, म्हणजे डोळ्यांत काही जाणार नाही. बाहेर चादरीवर एक फ्लॅश, मागे ओल्या जमिनीवर एक. आठ सेकंद. ताईला म्हटलं, आठ सेकंद अजिबात हलू नकोस.

फोटो पाहायला ती उतरून आली. निळा पत्रा, त्यावर चादरीची रेघ, काचेमागे तिचा नारिंगी उजेडातला चेहरा आणि स्टिअरिंगवर घट्ट धरलेले दोन्ही हात. तिनं तो पडदा डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"मी एवढी पुढे वाकून बसते होय रे?" ती म्हणाली.

मग जाऊन तिनं सीट दोन खाच मागे सरकवली, पाठ टेकून बसली, आणि काच खाली करून म्हणाली, "आता घे."